ब्रायटनच्या किनाऱ्यावर दोन रात्री: कोल्हापूरहून जाणाऱ्यांसाठी

मुलगा, मुलगी किंवा एखादे भावंड लंडनला नोकरीला असल्यामुळे इंग्लंडची वारी करणारी कुटुंबे आता कोल्हापुरात गल्लोगल्ली भेटतात. लंडन पाहून झाले की एक दिवस समुद्रावर जाऊन येण्याचा बेत ठरतो आणि बहुधा ब्रायटनचे नाव निघते, कारण ते लंडनपासून रेल्वेने जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे. सकाळी जायचे, धक्क्यावर फिरून मासा आणि बटाट्याचे काप खायचे, छायाचित्रे काढायची आणि अंधार पडण्याआधी परत यायचे, असा तो बेत असतो. माझे मत मात्र असे आहे की ब्रायटनची अशी एका दिवसात बोळवण करू नये. या गावात हिंदुस्थानशी, आणि थोड्या आडवळणाने आपल्या कोल्हापूरशी, नाते सांगणाऱ्या ज्या जागा आहेत, त्या घाईत हमखास सुटतात. म्हणून दोन रात्रींचा मुक्काम धरूनच पुढील माहिती दिली आहे.

केव्हा जावे आणि कसे पोहोचावे

आपल्याकडील शाळांच्या सुट्ट्यांचा विचार करता मे महिन्याचा उत्तरार्ध आणि जूनचा पहिला आठवडा हा काळ सर्वांत सोयीचा आहे. त्या दिवसांत तेथे रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे एका दिवसात दीड दिवसाचे फिरणे होते. जुलैच्या अखेरीपासून तेथील शाळांना सुट्टी लागते आणि किनारा माणसांनी फुलून जातो. ऑगस्टच्या आरंभी प्राइड महोत्सवाच्या दिवसांत तर खोली मिळणे अवघड होते आणि मिळाली तरी तिचे भाडे डोळे पांढरे करणारे असते. शक्य असल्यास शुक्रवार-शनिवार टाळून सोमवार ते गुरुवार या दिवसांत मुक्काम करावा, म्हणजे तीच खोली बऱ्याच कमी दरात मिळते. डिसेंबरमध्ये जाणाऱ्यांनी दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो हे ध्यानात ठेवून बेत आखावा.

पर्यटक व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. त्यानंतर बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी पुण्याच्या किंवा मुंबईच्या केंद्रात प्रत्यक्ष जावे लागते, तेव्हा त्या फेरीचा दिवस वेगळा काढून ठेवावा. सामान भरताना दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ बाजूला ठेवावेत, कारण ते भारतातून ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. नातवासाठी बांधून घेतलेले पेढे विमानतळावर काढून द्यावे लागले, तर वाईट वाटणारच. कोरडा कांदा-लसूण मसाला मात्र नीट बंद केलेल्या पाकिटातून खुशाल न्यावा. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून, तसेच लंडन ब्रिज आणि सेंट पँक्रस या स्थानकांतून ब्रायटनला थेट गाड्या सुटतात. गॅटविक विमानतळ याच मार्गावर असून तेथून ब्रायटनला अर्ध्या तासात पोहोचता येते. हीथ्रोला उतरणाऱ्यांसाठी थेट बसही आहे. या मार्गावर सदर्न, थेम्सलिंक अशा वेगवेगळ्या नावांच्या गाड्या धावतात. काही स्वस्त तिकिटे एकाच नावाच्या गाडीत चालतात, म्हणून गाडीत चढण्यापूर्वी तिकिटावरील नाव वाचून घ्यावे. तीन ते नऊ जण एकत्र जाणार असतील, तर गर्दीची वेळ सोडून गट-सवलतीचे तिकीट मागावे, म्हणजे भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. आपल्याकडे सहल म्हटली की माणसे पाचाच्या खाली नसतातच, त्यामुळे ही सवलत आपल्यासाठीच केल्यासारखी आहे.

किनारा: तारकर्लीची अपेक्षा ठेवू नये

कोल्हापूरकराच्या मनातला समुद्र म्हणजे गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरून गाठलेली तारकर्ली-मालवणची मऊ वाळू. ब्रायटनचा किनारा तसा नाही. तेथे मैलोन् मैल गोल, गुळगुळीत गोटे पसरलेले आहेत आणि वाळू दिसते ती केवळ पूर्ण ओहोटीच्या वेळी, पाण्याच्या कडेला. अनवाणी चालणे त्रासाचे होते. कोल्हापुरी चप्पल तर मुळीच घालू नये, कारण गोट्यांवर तिचा तळ घसरतो आणि खाऱ्या पाण्याने कातडे कडक होऊन जाते. जाड तळाचे बूट आणि पाण्यात उतरण्यासाठी रबरी जोडे असावेत. बसण्यासाठी जाड सतरंजी न्यावी. तेथील गोटे आठवण म्हणून पिशवीत भरून आणणे कायद्याने मना आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

पाणी थंड असते. ऑगस्टमध्येही ते सतरा-अठरा अंशांच्या फारसे वर जात नाही आणि जूनच्या आरंभी त्याहून बरेच गार असते. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत पोहायला शिकलेल्या माणसाला आपल्या पोहण्यावर भरवसा असतो, पण येथे अडचण पोहण्याची नसून थंडीची आहे. गार पाण्यात एकदम उडी मारल्यास श्वास अडकतो, म्हणून हळूहळू उतरावे. श्वास अडकलाच तर हातपाय न झाडता पाठीवर तरंगत राहावे आणि तो पूर्ववत होऊ द्यावा. गोट्यांचा उतार तीव्र असल्याने दोन पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीपर्यंत येते. उन्हाळ्यात लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांची नजर असते, तेव्हा त्या पट्ट्यातच उतरावे. कोणी संकटात दिसल्यास स्वतः उडी न घेता ९९९ क्रमांकावर दूरध्वनी करून तटरक्षकांची मदत मागावी.

किनाऱ्यावरून समुद्रात शिरलेला लोखंडी खांबांवरचा लांबलचक धक्का म्हणजे पॅलेस पिअर. तो १८९९ साली खुला झाला आणि त्याची लांबी ५२५ मीटर आहे. त्यावर पाळणे, नेमबाजीचे खेळ, खाण्याची दुकाने आणि नाणी गिळणारी यंत्रे आहेत. मुलांना सोबत नेणाऱ्यांनी खर्चाची मर्यादा धक्क्यावर पाऊल ठेवण्यापूर्वीच ठरवावी. अलीकडे गर्दीच्या दिवसांत बाहेरच्या पाहुण्यांकडून थोडे प्रवेशशुल्कही घेतले जाते. मला स्वतःला या गजबजलेल्या धक्क्यापेक्षा पश्चिमेकडे पाण्यात एकटा उभा असलेला काळा सांगाडा अधिक पाहण्यासारखा वाटतो. तो १८६६ सालचा वेस्ट पिअर. १९७५ मध्ये तो बंद झाला, २००३ मध्ये आगीत जळाला आणि उरलेले लोखंड लाटा खात उभे आहे. थंडीच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सूर्यास्ताच्या आधी या दोन्ही धक्क्यांच्या परिसरात भोरड्यांसारख्या पक्ष्यांचे प्रचंड थवे आकाशात वळणे घेताना दिसतात. हिवाळ्यात जाणाऱ्याला हे पैसे न मोजता मिळणारे सुख आहे.

पॅलेस पिअरच्या पूर्वेला जवळच व्होल्क यांच्या विजेच्या छोट्या गाडीचे स्थानक आहे. माग्नुस व्होल्क या स्थानिक संशोधकाने ४ ऑगस्ट १८८३ रोजी ही गाडी सुरू केली. आज चालू असलेल्या विजेच्या रेल्वेंमध्ये ही जगात सर्वांत जुनी मानली जाते. आपल्याकडे कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर वाफेची गाडी धावू लागली ती १८९१ साली, म्हणजे हिच्यानंतर आठ वर्षांनी. गाडी हिवाळ्यात बंद असते. प्रवास मैलभराचाच आहे, पण वयस्कर मंडळींना गोट्यांचा त्रास न होता किनारा पाहण्यासाठी तो उत्तम.

रॉयल पॅव्हिलियन: सकाळचे तीन तास

ब्रायटन मुळात कोळ्यांचे गाव होते. १५१४ साली फ्रेंचांनी ते जाळले होते आणि पुढे दोन शतके त्याला फारसे कोणी विचारत नव्हते. १७५० मध्ये रिचर्ड रसेल या डॉक्टरने समुद्राच्या पाण्यात न्हाण्याचे, इतकेच नव्हे तर ते पिण्याचे, गुण लिहून प्रसिद्ध केले आणि श्रीमंतांची रीघ लागली. १७८३ मध्ये तेथे युवराज जॉर्ज, म्हणजे पुढे राजा झालेले चौथे जॉर्ज, आले आणि तेथेच रमले. त्यांनी आधी बांधलेल्या साध्या घराभोवती वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१५ पासून सात-आठ वर्षांत घुमट, मिनार आणि जाळीदार कमानी उभ्या केल्या. तोच आजचा रॉयल पॅव्हिलियन.

गंमत अशी की जॉर्ज यांनी हिंदुस्थान पाहिला नव्हता आणि नॅश यांनीही नाही. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी हिंदुस्थानात हिंडून काढलेल्या चित्रांवरून नॅश यांनी हा बाह्याकार बेतला. आत शिरल्यावर मात्र सगळे चिनी पद्धतीचे आहे. मेजवानीच्या दालनात चांदीच्या रंगाच्या ड्रॅगनने धरलेले, सुमारे ३० फूट उंचीचे आणि टनभर वजनाचे झुंबर आहे. संगीत दालनाच्या घुमटाला आतून सोनेरी शिंपल्यांची नक्षी आहे. स्वयंपाकघरातल्या लोखंडी खांबांना तांब्याची ताडपाने लावलेली आहेत. ते स्वयंपाकघर घाईने ओलांडू नये, कारण शंभर पदार्थांच्या मेजवान्या देणाऱ्या राजाचे घर तेथेच खरे कळते. राणी व्हिक्टोरियांना या वाड्यात निवांतपणा मिळेना, म्हणून १८५० मध्ये तो गावाला विकण्यात आला.

जाण्याआधी एखाद्या संध्याकाळी आपला नवा राजवाडा आणि टाउन हॉल नव्याने पाहून घ्यावा, असे मी आवर्जून सुचवीन. या दोन्ही इमारतींचे आराखडे मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अधिकाऱ्याचे. नव्या राजवाड्याचे काम १८७७ ते १८८४ या काळात झाले. मँट हिंदुस्थानात राहून काम करीत होते. येथील दगड, येथील कारागीर आणि येथल्या छत्र्या-कमानी त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या होत्या. नॅश यांच्यासमोर होती ती केवळ चित्रे. त्यामुळे पॅव्हिलियनचे घुमट पाहताना आपल्याला ते ओळखीचे वाटतात आणि तरीही काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. राजवाड्यावरचा भार घडीव काळ्या दगडावर आहे, तर पॅव्हिलियनचे मोठे घुमट लोखंडी सांगाड्यावर तोललेले आहेत. हा फरक ज्याने आधी मनात धरला आहे, त्याला मार्गदर्शक यंत्राची फारशी गरज पडणार नाही.

पॅव्हिलियनमधील हिंदी सैनिकांच्या रुग्णालयाची माहिती देणारे जे दालन आहे, त्याकडे बहुतेक पाहुणे शेवटी आणि दमून येतात; ते आपण आधी पाहावे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या आरंभापर्यंत, हा वाडा फ्रान्स आणि बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचे रुग्णालय होता. झुंबरांखाली खाटांच्या रांगा होत्या. जाती-धर्मांचे नियम सांभाळण्यासाठी नऊ स्वयंपाकघरे चालत होती आणि हिंदू व मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते. गावातील सर्व रुग्णालये मिळून सुमारे १२,००० हिंदी सैनिकांवर ब्रायटनमध्ये उपचार झाले. त्या आघाडीवर शीख, गुरखा, पठाण यांच्याबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, कंपन्याही लढल्या होत्या आणि त्यांत मराठा जवान होते. बागेच्या दक्षिणेकडील गुजराती धाटणीचे प्रवेशद्वार ही या शुश्रूषेबद्दल हिंदी संस्थानिक आणि जनता यांनी दिलेली भेट असून, पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते ऑक्टोबर १९२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. बहुतेक जण त्याच्याखालून ते न पाहताच निघून जातात.

छत्री: दुसऱ्या दिवसाची दुपार

रुग्णालयांत मरण पावलेल्या मुसलमान सैनिकांचे दफन वोकिंगच्या मशिदीजवळ झाले. हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांचे दहन गावाच्या उत्तरेस, पॅचमच्या वरच्या माळावर करण्यात आले आणि त्यांच्या अस्थी समुद्रात सोडण्यात आल्या. दहनाच्या त्याच जागी पांढऱ्या संगमरवराची, आठ खांबांची, २९ फूट उंचीची छत्री उभी आहे. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांचा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी युवराज एडवर्ड यांनी तिचे अनावरण केले. हेच युवराज त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्यात आले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभ्या राहणाऱ्या शिवस्मारकाची कोनशिला त्यांच्या हस्ते बसवण्यात आली.

कोल्हापूरकराला ही छत्री पाहताना आणखी एक छत्री आठवल्याशिवाय राहणार नाही. शाहू महाराजांच्या आधी होऊन गेलेले छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा प्रवास आटोपून परतत असताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे, ऐन विशीत, निधन पावले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले आणि तेथे त्यांचे जे छत्रीवजा स्मारक उभे राहिले, त्याचा आराखडा पुन्हा याच मँट यांचा. युरोपच्या मातीत, घरापासून हजारो मैलांवर, हिंदू रीतीने झालेले दहन आणि त्यावर उभारलेली छत्री असा हा योग फ्लॉरेन्सला राजासाठी आणि ब्रायटनला शिपायांसाठी जुळून आला आहे. ज्यांच्या सहलीत इटलीही आहे त्यांनी दोन्ही पाहाव्यात.

छत्रीपर्यंत मोटार जात नाही. बसने पॅचम गाठावे आणि तेथून गवताळ चढाच्या पायवाटेने सुमारे अडीच किलोमीटर चालावे. जोतिबाचा डोंगर चढणाऱ्याला हा चढ काहीच नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश तासभर धरावा. वाट मेंढ्यांच्या कुरणातून जाते, म्हणून उघडलेले प्रत्येक फाटक मागे वळून लावावे. वर दुकान, पाणी, शौचगृह यांपैकी काही नाही, आणि वारा बोचरा असतो. जवळच ५३ सैनिकांची नावे कोरलेले, २०१० साली उभारलेले स्मारक आहे. ती नावे वाचायला वेळ ठेवावा. दरवर्षी जूनमध्ये येथे मानवंदनेचा कार्यक्रम होतो. सहल त्या सुमारास असेल तर तारीख आधी पाहून ठेवावी.

गल्ल्या, जेवण आणि इतर

जुन्या कोळीवाड्याच्या जागी असलेल्या लेन्स नावाच्या अरुंद गल्ल्यांत जडजवाहिराची आणि जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. गुजरीत सराफांच्या पेढ्या पाहून मोठ्या झालेल्या माणसाला तेथे खरेदीचा मोह होऊ नये, पाहणी मात्र करावी. उत्तरेकडील नॉर्थ लेन हा भाग अधिक मोकळा आणि स्वस्त आहे. संध्याकाळी सेंट निकोलस चर्चच्या आवारात जाऊन दीन महंमद यांची कबर पाहावी. पाटण्यात जन्मलेला हा माणूस कंपनी सरकारच्या सैन्यातून आयर्लंडला आणि मग लंडनला गेला. १७९४ मध्ये त्याने इंग्रजीत पुस्तक लिहिले, १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी खाणावळ काढली. ती बुडाल्यावर त्याने ब्रायटनला येऊन वाफेचे स्नान आणि चंपी-मालिशीचे केंद्र थाटले आणि दोन राजांच्या सेवेत मान मिळवला. १८५१ मध्ये तो येथेच वारला.

जेवणाच्या बाबतीत पहिला नियम असा की तळलेला मासा आणि बटाट्याचे काप घेऊन उघड्यावर बसू नये. तेथील समुद्रपक्षी धीट असून हातातला घास उचलून नेतात. भिंतीला पाठ लावून किंवा छपराखाली बसावे. काप मीठ आणि व्हिनेगर घालून मिळतात. आपल्या जिभेला ते अळणी लागतील, तेव्हा सोबत नेलेल्या कांदा-लसूण मसाल्याची पुडी उघडण्यास हरकत नाही. शाकाहारी मंडळींनी तळणीचे तेल वनस्पतीचे आहे की प्राण्यांच्या चरबीचे, हे विचारून घ्यावे, कारण काही दुकानांत गोवंशाची चरबी वापरली जाते. एरवी शाकाहारी जेवणासाठी हे गाव लंडनपेक्षाही सोयीचे आहे. तांबडा-पांढरा मात्र कोठेही शोधू नये.

तिसऱ्या दिवशी हवा स्वच्छ असेल तर किनाऱ्याने ईस्टबोर्नकडे जाणारी बस घेऊन सेव्हन सिस्टर्सचे पांढरे खडूचे कडे पाहावेत. बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर जागा मिळवावी. कड्याच्या टोकाशी छायाचित्रासाठी उभे राहू नये. खडू आतून पोखरलेला असतो आणि वरून काहीही न दिसता मोठे तुकडे कोसळतात. कड्यांखालीही बसू नये.

कपड्यांत वारा अडवणारे जाकीट सर्वांत महत्त्वाचे. छत्री तेथे उलटी होते, म्हणून टोपी असलेला रेनकोट न्यावा. बस, रेल्वे आणि दुकाने यांत कार्डावर व्यवहार होतो, तेव्हा परदेशात चालणारे कार्ड निघण्यापूर्वीच बँकेतून चालू करून घ्यावे. तीन चौकोनी पिनांचा प्लगही सोबत ठेवावा. परतीचा प्रवास रविवारी असेल तर आदल्या रात्री गाड्यांची चौकशी अवश्य करावी. दुरुस्तीसाठी काही रविवारी मार्ग बंद ठेवून अर्ध्या वाटेत बसने नेतात. त्यामुळे तासाभराचा प्रवास दुपटीचा होतो, आणि विमान त्याच संध्याकाळी असेल तर शनिवारीच लंडन गाठलेले बरे.